खंड कोणी पाडला?

जर्मनीने जून २०२४ पासून ‘अपॉर्च्युनिटी कार्ड’ नावाचा परवाना सुरू केला. नोकरी पक्की झालेली नसतानाही कुशल माणसाला तिकडे जाऊन वर्षभर काम शोधता यावे, यासाठी हा परवाना आहे आणि तो बहुतांशी गुण मोजून मिळतो. अनुभवाचे गुण आहेत, पण त्या अनुभवाला मुदत आहे. गेल्या पाच वर्षांपैकी किमान दोन वर्षे आपल्या शिक्षणाशी जुळणारे काम केले असेल तर दोन गुण, गेल्या सातपैकी पाच वर्षे केले असेल तर तीन. कॅनडाच्या कुशल कामगार योजनेत गेल्या दहा वर्षांच्या आत किमान एक वर्षाचा अनुभव लागतो आणि तो सलग असावा लागतो. आता नागपुरातल्या एखाद्या परिचारिकेचा विचार करावा. तिने दहा वर्षे वॉर्डात रात्रपाळ्या केल्या, मग मूल झाले, पाठोपाठ सासऱ्यांचे आजारपण आले आणि ती पाच वर्षे घरी राहिली. जर्मनीच्या तक्त्यात तिच्या दहा वर्षांना अनुभवाचा एकही गुण नाही. दोनच वर्षे काम केलेली, काल-परवा नोकरी सोडलेली मुलगी तिच्या पुढे जाते. हा हिशेब आपल्याला इतका स्वाभाविक वाटू लागला आहे की मधली रिकामी वर्षे हा त्या बाईचाच दोष, असे तिलाही वाटते. परंतु सलगपणावरून माणसाची किंमत ठरवण्याच्या या पद्धतीला इतिहास आहे, आणि तो नागपूरइतका स्पष्ट फार थोड्या शहरांत वाचता येतो. तो वाचला की एक गोष्ट ठळकपणे दिसते. नोकरीतला खंड पुष्कळदा मालकाने किंवा सरकारने पाडलेला असतो आणि लिहिला मात्र कामगाराच्या नावावर जातो. जिथे जिथे हा हिशेब दुरुस्त झाला, तिथे तो मागणी करून आणि नियम लिहून घेऊन झाला.

गिरणी येण्यापूर्वी या भागात कामाला खंड होता, पण त्याची कुणी नोंद ठेवत नव्हते. कोष्ट्यांचा माग पावसाळ्यात मंदावे, कारण ताणा उघड्यावर, गल्लीत पसरावा लागे आणि पावसात ते जमत नसे. उमरेड-पवनीपर्यंतच्या विणकरांचे वर्ष असेच चाले. शेतावरच्या सालदाराचा करार वर्षाचा असे. वर्ष संपले की तो नव्याने ठरे किंवा मोडे, आणि मागच्या वर्षी तो दुसऱ्याच्या वावरात होता की घरी बसला होता, यावरून त्याची मजुरी ठरत नसे. हे दिवस सुखाचे होते असे मुळीच म्हणायचे नाही. सालदार कर्जाने बांधलेला असे आणि विणकर सावकाराच्या सुतावर जगत असे. मुद्दा एवढाच, की काम करता येते की नाही हे हातावरून ठरे. हजेरीच्या कागदावरून माणूस ओळखायची पद्धत अजून यायची होती.

ती १ जानेवारी १८७७ रोजी आली. व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केले त्याच दिवशी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. कंपनी १८७४ सालीच स्थापन झालेली होती. वऱ्हाड-नागपूरचा कापूस हाताशी आणि १८६७ पासून मुंबईशी जोडणारी रेल्वे, हा हिशेब अचूक होता. चुकला तो माणसांचा. चात्यांना आणि मागांना रोज ठरल्या वेळी ठरलेले हात हवेत, आणि इथला माणूस गरजेपुरते मिळवले की गावी जाई, पेरणीला जाई, लग्नसराईत जाई. व्यवस्थापक बेझनजी मेहता यांच्यापुढे गैरहजेरी हा मोठा प्रश्न होता. त्यावर एम्प्रेस मिलने जे उपाय केले ते त्या काळात हिंदुस्थानात फारसे कुणी केलेले नव्हते: बक्षिसे, १८८६ साली निवृत्तिवेतनाचा निधी, १८९५ पासून अपघाताची भरपाई, १९०१ साली भविष्यनिर्वाह निधी. यांचे कौतुक पूर्वीपासून होते आणि ते योग्यच आहे. पण त्यांचे दुसरे कामही समजून घ्यायला हवे. निवृत्तिवेतन सलग नोकरीवर मिळणार असेल, तर मधले जाणे महाग पडते. दयाळूपणा आणि शिस्त एकाच कागदावर आली, आणि त्या कागदाने पहिल्यांदा गावाकडे घालवलेल्या महिन्यांना नुकसान ठरवले. म्हणजे सलगपणाला किंमत आली ती यंत्राच्या गरजेतून. सलग येणारा कामगार अधिक कसबी असतो, असे कुणी तपासून ठरवलेले नव्हते.

या हिशेबाला पहिला धक्का बायकांनी दिला. गिरणीत बायका मोठ्या संख्येने होत्या आणि त्यांचा खंड ठरलेलाच होता: बाळंतपण. मुंबई विधिमंडळात १९२८ साली प्रसूतिलाभाच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला. मुंबईचा कायदा १९२९ साली झाला आणि पाठोपाठ १९३० साली मध्य प्रांताने, म्हणजे नागपूर ज्याची राजधानी होते त्या प्रांताने, आपला प्रसूतिलाभ कायदा केला. त्याच सुमारास मजुरांच्या स्थितीची चौकशी करणारे रॉयल कमिशन देशभर साक्षी घेत होते. एम्प्रेस मिलमधल्या कामगार पुढारी राधाबाई कांबळे यांनी त्याच्यापुढे साक्ष दिली. एका दलित गिरणी कामगार बाईने सरकारी आयोगापुढे उभे राहणे, या घटनेला नागपूरच्या इतिहासात मिळाली आहे त्यापेक्षा मोठी जागा मिळायला हवी. पुढे २० जुलै १९४२ रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. तिथे मंजूर झालेला एक ठराव आजही लक्ष देऊन वाचण्याजोगा आहे. गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वेतल्या स्त्री कामगारांना वर्षाला एकवीस दिवसांची किरकोळ रजा, एक महिन्याची हक्काची रजा, इजा झाल्यास पुरेशी भरपाई आणि वीस वर्षांच्या नोकरीनंतर दरमहा किमान पंधरा रुपये निवृत्तिवेतन, अशी ती मागणी होती. या मागणीची रचना नीट पाहावी. त्या बायकांनी वीस वर्षांची अट नाकारली नाही. त्यांनी म्हटले, वीस वर्षे धरा, पण त्यात आमची रजा आणि आमची दुखापतही धरा. गैरहजेरी आणि नोकरी सोडणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे तत्त्व त्यांनी ठोस मागण्यांत उतरवले.

स्वातंत्र्यानंतर हेच तत्त्व कायद्यात आले. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली सलग नोकरीची व्याख्या घातली गेली. आजारपण, मंजूर रजा, अपघात, कायदेशीर संप, टाळेबंदी, किंवा कामगाराचा दोष नसताना बंद पडलेले काम, यांनी नोकरीचा सलगपणा मोडत नाही, असे त्या व्याख्येने ठरवले. माझ्या मते आपल्या कामगार कायद्यातल्या अत्यंत न्यायी वाक्यांपैकी हे एक आहे. खंड पडला का, एवढेच विचारून ते थांबत नाही. तो कुणाच्या दोषाने पडला, हेही विचारते.

सरकारी नोकरीतला हिशेब मात्र कठोरच राहिला. इंग्रजी अमदानीतून आलेल्या निवृत्तिवेतन नियमांचा गाभा असा, की सेवेत खंड पडला तर आधीची सेवा जप्त. १९७२ च्या केंद्रीय नियमांतही हे तत्त्व कायम राहिले, त्याला अपवाद जोडले गेले आणि खंड क्षमापित करण्याचा अधिकारही दिला गेला. नागपुरात सिव्हिल लाइन्समधल्या महालेखापाल कार्यालयातून विदर्भ-मराठवाड्यातल्या सरकारी कर्मचाऱ्यांची निवृत्तिवेतने मंजूर होतात. सेवापुस्तकात मधले दोन महिने कोरे निघाले तर निवृत्तीनंतर माणसाला किती टाचा घासाव्या लागतात, हे या भागातल्या हजारो शिक्षकांना आणि कारकुनांना ठाऊक आहे. आणि खंड शिक्षा म्हणून कसा वापरता येतो हे १९७४ साली साऱ्या देशाने पाहिले. ८ ते २७ मे असा वीस दिवस रेल्वेचा संप चालला. नागपूर हे तेव्हा मध्य आणि दक्षिण-पूर्व अशा दोन रेल्वेंचे ठाणे, त्यामुळे ही झळ इथल्या वसाहतींना थेट लागली. संप मोडल्यावर सहभागी कामगारांच्या सेवेत खंड धरला गेला. गाडी चालवण्याचे किंवा इंजिन दुरुस्तीचे त्यांचे कसब वीस दिवसांत कमी झाले होते असे सरकारचेही म्हणणे नव्हते. तरीही मागची पंधरा-वीस वर्षे कागदावर धोक्यात आली. १९७७ साली जनता सरकार आले, मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि हा खंड मागे घेतला गेला. तेच कामगार, तेच वीस दिवस. एका सरकारने त्यांना खंड म्हटले, दुसऱ्याने ती नोंद पुसली.

त्यानंतरच्या काळात खंड पाडण्याची आणखी एक युक्ती रुळली आणि ती आजही चालू आहे. तात्पुरत्या शिक्षकाला, प्रयोगशाळा सहायकाला, कंत्राटी परिचारिकेला अकरा महिन्यांची नेमणूक द्यायची, मग एक-दोन दिवसांचा ‘तांत्रिक खंड’ द्यायचा आणि पुन्हा अकरा महिन्यांची नेमणूक. हेतू एकच, की सलग नोकरीचे हक्क लागू होऊ नयेत. कारखान्यात बारा महिन्यांत २४० दिवस भरत आले की कामगाराला थांबवण्याची चालही याच जातीची. उन्हाळ्याच्या सुटीआधी तात्पुरत्या शिक्षकांना काढायचे आणि जूनमध्ये पुन्हा घ्यायचे, या पद्धतीवर सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली हरियाणातल्या एका प्रकरणात कडक शब्दांत टीका केली होती. टीकेने पद्धत संपली नाही. याच्या जोडीला स्पर्धा परीक्षांची वर्षे धरावीत. विदर्भातल्या खेड्यांतून नागपूरला येऊन अभ्यासिकांत चार-पाच वर्षे घालवणारी मुले-मुली सरकारच्या वेळापत्रकावर अवलंबून असतात. करोनाच्या काळात राज्यसेवेची पूर्वपरीक्षा पुन्हा पुन्हा पुढे ढकलली गेली आणि मार्च २०२१ मध्ये त्यावरून विद्यार्थी रस्त्यावर उतरले, तेव्हा त्या वर्षांचा हिशेब कुणी मांडला नाही. त्यांतल्या ज्याने पुढे परदेशी नोकरीसाठी अर्ज केला, त्याच्या बायोडाटात मात्र ती वर्षे जशीच्या तशी कोरी दिसतात.

आता सीमा ओलांडून पाहू. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ साली सुरू झाले आणि पुढच्या तीन दशकांत इथले अनेक डॉक्टर ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत गेले. १९७५ पर्यंत भारतीय पदवीवर तिथे थेट नोंदणी होत असे. त्या वर्षी ती मान्यता काढून घेतली गेली आणि परीक्षा सुरू झाली. याबद्दल तेव्हा बरीच कटुता होती, पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे: परीक्षा समोरच्या माणसाला काय येते हे विचारते. अमेरिकेच्या बाबतीत उलटे घडले. १९९० च्या कायद्याने एच-१बी व्हिसा आला आणि मराठी घरांतले अभियंते हजारोंनी गेले. त्यांच्या पत्नी एच-४ व्हिसावर गेल्या आणि त्यांना नोकरी करण्याची कायद्यानेच मनाई होती. २६ मे २०१५ पासून त्यांतल्या काहींना, ज्यांच्या पतीचे ग्रीन कार्डाचे काम ठराविक टप्प्यापर्यंत गेले आहे अशांना, कामाचा परवाना मिळू लागला. परवाने मिळालेल्यांत बहुसंख्य भारतीय स्त्रिया होत्या. त्यांच्या मधल्या सात-आठ वर्षांच्या रिकाम्या जागेवर अमेरिकी सरकारचीच सही होती. तरी मुलाखतीत खुलासा द्यावा लागला तो त्या बाईला. नागपूरच्या विश्वेश्वरय्या महाविद्यालयातून किंवा लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्थेतून पदवी घेतलेल्या मुलीला सुपरमार्केटच्या गल्ल्यावरही बसता येऊ नये आणि पुढे तिलाच ‘इतकी वर्षे काय करत होतात’ असे विचारले जावे, यातला अन्याय सांगायला फार शब्द लागत नाहीत.

कॅनडात तर खंड न पडताही खंड धरला गेला. टोरंटोमध्ये फिलिप ओरिओपोलस या अर्थशास्त्रज्ञाने हजारो बनावट अर्ज मालकांना पाठवून तपासले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात इंग्रजी नावांना भारतीय, पाकिस्तानी, चिनी नावांपेक्षा अधिक बोलावणी आली, आणि अनुभव कॅनडातला असला तर बोलावण्याची शक्यता वाढली. परदेशातल्या वर्षांना मालकाच्या लेखी कॅनडातल्या वर्षांएवढे वजन नव्हते. यावर उपाय झाला तोही नियमाने. ऑन्टॅरिओच्या मानवाधिकार आयोगाने २०१३ साली ‘कॅनडातला अनुभव हवा’ ही अट प्रथमदर्शनी भेदभाव असल्याचे धोरण जाहीर केले आणि २०२४ साली जाहिरातीत ती अट घालण्यास बंदी करणारा कायदा त्या प्रांताने केला.

या सगळ्यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की कसब गंजते. पाच वर्षे वॉर्डात पाऊल न टाकलेल्या परिचारिकेच्या हाती रुग्ण कसा द्यायचा? संगणकाच्या क्षेत्रात पाच वर्षांत भाषा आणि साधने बदलतात. हा आक्षेप खोटा नाही आणि तो हसण्यावारी नेऊ नये. पण त्यातून निघते काय? कसब तपासा, एवढेच. औषधाची मात्रा काढता येते का, शीर सापडते का, नवे यंत्र हाताळता येते का, हे दोन दिवसांत पाहता येते आणि कमी पडले तर उजळणीचा अभ्यासक्रम देता येतो. जर्मनीत परदेशी परिचारिकेला सामान्यतः मान्यता परीक्षा किंवा जुळवणीचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. मग एवढे सगळे करून घ्यायचेच असेल, तर वर आणखी गेल्या सात वर्षांची चाळणी कशाला? तपासणी होतच असताना मुदतीचीही अट ठेवली, तर एकाच शंकेची वसुली दोनदा होते.

दुसरा आक्षेप मालकाच्या बाजूने येतो. हजार अर्ज आले तर त्याच्याकडे प्रत्येकाची परीक्षा घ्यायला वेळ नसतो, आणि रिकाम्या जागा हा स्वस्त निकष आहे. स्वस्त आहे हे खरे. पण तो भरवशाचा आहे का? अमेरिकेत क्रॉफ्ट, लांगे आणि नोटोविडिग्डो यांनी सुमारे बारा हजार बनावट अर्ज पाठवून केलेल्या २०१३ च्या अभ्यासात बेकारीचे महिने वाढले तशी बोलावणी घटली, आणि ही घट मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांतच झाली. कसब गंजण्याचा वेग आठ महिन्यांनंतर थांबतो असे कुणी म्हणणार नाही. म्हणजे मालक कसबापेक्षा संशयाला प्रतिसाद देत होते. तिथल्याच दुसऱ्या काही अभ्यासांत तर असा परिणाम दिसलाच नाही. स्वीडनमध्ये एरिकसन आणि रूथ यांच्या २०१४ च्या अभ्यासाचा निष्कर्ष आपल्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. पूर्वी बेकार होता पण नंतर पुन्हा कामाला लागला, अशा उमेदवाराला स्वीडिश मालकांनी जुन्या खंडाबद्दल शिक्षा केली नाही. परतीची पहिली पायरी मिळाली की जुना खंड विरून जातो. अडचण आहे ती पायरी मिळण्याची, आणि परदेशी जाणाऱ्याला नेमकी तीच सर्वांत महाग पडते, कारण व्हिसाचा तक्ता मालकाच्या आधी त्याला अडवतो. मालकाची मुलाखत घडलीच नाही, तर खुलासा कुणाला करणार?

काही जण म्हणतील की खंडापेक्षा भाषा आणि पदवीची मान्यता हे मोठे अडसर आहेत. तसे आहेच. जर्मन भाषेचा बी-१, बी-२ टप्पा गाठणे हे पाच वर्षांच्या खंडापेक्षा अवघड असू शकते. पण भाषा शिकता येते आणि मान्यता मिळवता येते. होऊन गेलेली वर्षे मात्र कष्ट करून भरून काढता येत नाहीत, म्हणून त्यांचा नियम इतर अटींपेक्षा जास्त जपून लिहायला हवा. संशोधनाच्या क्षेत्रात हे युरोपनेच करून दाखवले आहे. युरोपीय संघाच्या मेरी क्युरी पाठ्यवृत्तीत पीएच.डी.नंतरची वर्षे मोजली जातात, तेव्हा संशोधनाबाहेर घालवलेला काळ वजा केला जातो. आपल्या केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने खंड पडलेल्या स्त्री वैज्ञानिकांसाठी या शतकाच्या सुरुवातीलाच वेगळी योजना आणली. वैज्ञानिकेला जे मिळते ते परिचारिकेला आणि वीजतंत्रीला का मिळू नये, याला पदाच्या प्रतिष्ठेपलीकडे कारण दिसत नाही.

आणि मागायचे कुणाकडे, हाही प्रश्न आता हवेतला राहिलेला नाही. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला आणि सुरुवातीला दहा हजार कुशल कामगार पाठवण्याचे ठरवले. त्यात परिचारिका आहेत, वीजतंत्री आहेत, चालक आहेत. त्याच वर्षी जर्मनीने कुशल भारतीयांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या वीस हजारांवरून नव्वद हजारांवर नेण्याचे जाहीर केले. गरज दोन्ही बाजूंना आहे, म्हणजे अटींवर बोलता येते. नागपूरच्या बायकांनी १९४२ साली जे मागितले त्याच धर्तीवर या करारात एक कलम मागता येईल: प्रसूती, कुटुंबातले आजारपण, बंद पडलेला कारखाना, मालकाने दिलेला तांत्रिक खंड आणि कायद्याने कामाला केलेली मनाई, हा काळ पाच किंवा सात वर्षांच्या मोजणीतून वगळावा. पुरावा देणे फार कठीण नाही. भविष्यनिर्वाह निधीच्या खात्याला २०१४ पासून एकच कायम क्रमांक आहे आणि त्यात कुठल्या महिन्यात वर्गणी भरली हे दिसते. नेमणुकीचे आदेश आहेत, प्रसूतिरजेची पत्रे आहेत. २००२ साली एम्प्रेस मिल बंद पडली याचे सरकारी कागद आहेत. जर्मन सरकारला व्हिसाचे नियम एका राज्याच्या करारासाठी बदलता येणार नाहीत, असे उत्तर येईल, आणि गुणांच्या तक्त्यापुरते ते खरेही असेल. पण या कराराखाली उमेदवार निवडणारी, त्यांची नावे पुढे पाठवणारी यंत्रणा महाराष्ट्राची आहे. आपल्या यादीतून पाच वर्षे घरी राहिलेल्या परिचारिकेला न गाळता तिला उजळणीच्या प्रशिक्षणाला बसवायचे, हे ठरवायला बर्लिनची परवानगी लागत नाही.